हॉकींतील बचाव

हॉकी शिकावयास येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांस फॉरवर्ड व्हावयाचें असतें. गोल करणाराचें नांव शाळाभर होतें. गोल वांचविणारास कोणी विचारीत नाहीं. म्हणून येथें वसईस बॅकच्या जागेसाठीं मुलें निवडतांना आम्हांस त्यांचें आर्जव करावें लागतें.

प्रतिपक्षी चेंडू घेऊन धांवत आला कीं नवशिका त्याजवर झेंप घेतो आणि चकतो. आम्ही त्यास प्रथम धीर धरावयास शिकवितों. गुडघे वांकवावे, काठी जमिनीलगत ठेवावी, दृष्टि चेंडूवर असावी, आणि मागें सरत सरत प्रतिपक्ष्यास आपल्या उजवीकडे वळवावें. काठीच्या पाठीनें चेंडू खेळण्यास मनाई असल्यामुळें डावीकडील चेंडू काठी उलटवून खेळावा लागतो. आणि आपली उजवी ती समोरच्याची डावी होय. चेंडू त्याच्या काठीपासून वीतभर सुटला कीं आपली काठी झपकन् पुढें सारून तो काढून घ्यावा. त्याच्या काठीस वा अंगास धक्का देणें हा दोष आहे. गोलापुढील 'डी'त असा दोष घडल्यास पेनल्टी कॉर्नर द्यावा लागतो, व एकाच्या रागाचें फळ अकराजण भोगतात.

आमच्या एका तापट विद्यार्थ्यानें असेंच केलें व सामना गेला. सोबती त्याजशीं बोलेनात. आम्ही मात्र त्यास त्याच जागीं ठेविलें. पुढील सामन्यांत त्यास पुष्कळ डिवचण्यांत आलें, तरी तो थांबला, मागें सरला, आणि योग्य क्षणीं चेंडू काढून घेता झाला. टाळ्या कोणींच वाजविल्या नाहींत.

१९२८ सालीं ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्यें भारतानें २९ गोल केले. त्यांपैकीं १४ ध्यानचंदांचे, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु भारतावर एकहि गोल झाला नाहीं व गोलरक्षक रिचर्ड ॲलन होते, हें थोड्यांसच ठाऊक असतें. १९४८ सालीं लंडनास सर्व सामने मिळून भारतावर दोनच गोल झाले. अंतिम सामन्यांत ब्रिटनचा ४-० असा पराभव झाला, तेव्हां गोलांत मुंबईचे लिओ पिंटो उभे होते. आमच्याच रेल्वेमार्गावरील वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेचे विद्यार्थी वीरेन रास्किन्हा २००४ सालीं अथेन्सास खेळले, ते मुख्यत्वें बचावाच्या कामगिरीसाठींच.

विद्यार्थिमित्रहो, पुढें संसारांत व नोकरींत डिवचणारे पुष्कळ भेटतील. तेव्हां बॅकच्या जागीं शिकलेला हा धीर तुमच्या उपयोगीं पडो, हीच आमची प्रभूपाशीं प्रार्थना.