जाळीअलीकडचा एक महिना

पत्नीच्या निधनानंतर लातूरचे घर बंद करून मी मुलाकडे नांदेडला आलो, तेव्हा सामानात कपड्यांची पेटी, औषधांचा डबा आणि तिने वाढवलेल्या दोन पक्ष्यांचा पिंजरा एवढेच होते. लोक या पक्ष्यांना 'लव्हबर्ड' म्हणतात. त्यांचे खरे नाव बजरीगर. हे मूळचे ऑस्ट्रेलियातील लहान पोपट. ते घरी पाळता येतात. आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवण्यास मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मनाई आहे.

मुलाच्या अंगणात जाळीचे मोठे पक्षिघर होते आणि त्यात सहा बजरीगर. आपल्या दोघांना सोबत मिळेल, या आनंदात नातवाने आणि मी आठव्याच दिवशी त्यांना आत सोडले. अर्ध्या तासात पत्नीच्या लाडक्या मादीच्या पायातून रक्त वाहू लागले. घरट्याच्या मडक्याजवळ आतल्या माद्यांनी तिला गाठले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. पत्नीने मागे ठेवलेला जीव मी घाईने धोक्यात घातला होता.

पशुवैद्यांनी जखमेवर उपचार केले आणि आमची चूक समजावून सांगितली. नवा पक्षी वरकरणी निरोगी दिसला तरी त्याच्या अंगी रोग असू शकतो. म्हणून त्याला किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे. दाणापाणी आधी जुन्या पक्ष्यांना द्यावे, मग नव्यांना, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. महिना सरला की आठवडाभर पिंजरा पक्षिघरापासून हातभर अंतरावर ठेवावा. एकमेकांना पाहता यावे, चोच मात्र पोहोचू नये. मडकी काढून टाकावीत, कारण माद्या घरट्यासाठी कडाडून भांडतात. पेरूच्या फांद्या नव्याने बांधाव्यात, म्हणजे कोणाचीच हक्काची जागा उरत नाही. दाण्याच्या वाट्या दूरदूर, तीन-चार ठिकाणी असाव्यात. पक्षी सकाळी सोडावेत, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येते.

छपराकडेही त्यांनी बोट दाखवले. वर नुसती जाळी होती. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या उदगीरला कावळे मृत्युमुखी पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निष्पन्न झाला. बाहेरच्या पक्ष्यांची विष्ठा आत पडू नये म्हणून आम्ही वर पत्रा घातला, आणि उन्हाची काहिली कमी व्हावी म्हणून त्यावर तुराट्यांचा थर दिला. मे महिन्यात पश्चिमेच्या बाजूला ओले गोणपाट लावतो.

याच सुमारास मला कोरडा खोकला सुरू झाला. सुनेने डॉक्टरांना आवर्जून सांगितले, "बाबा पक्ष्यांची निगा राखतात." हे सांगणे महत्त्वाचे असते. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला 'पोपटज्वर' होऊ शकतो. ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला ही त्याची लक्षणे. वृद्धांत तो बळावतो, परंतु वेळीच निदान झाल्यास प्रतिजैविकांनी बरा होतो. माझा खोकला साधाच निघाला. तरी आता जमीन आधी पाण्याने भिजवूनच झाडतात, तीही सून किंवा मुलगा, नाकातोंडावर मास्क लावून. माझ्याकडे राळे निवडण्याचे आणि पाणी बदलण्याचे काम आहे.

तो महिना मला फार लांब वाटला. दोन्ही पक्षी माझ्याच खोलीशेजारी होते. या घरी मीही नवाच होतो. कोणत्या खुर्चीवर बसावे, चहा कधी मागावा, हे मलाही कळत नव्हते. कोणी मला घाई केली नाही, हे आज जाणवते.

अडतिसाव्या दिवशी सकाळी दार उघडले. लंगडी मादी बराच वेळ पिंजऱ्यातच बसून राहिली. नातू म्हणाला, "आजोबा, तिला बाहेर काढू का?"

मी म्हणालो, "नको रे. तिची ती येईल."

दुपारी ती आली.