टँगमिअरचं विमान संग्रहालय आणि घरातला एक प्रश्न



इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, चिचेस्टर शहरापासून थोड्याच अंतरावर टँगमिअर नावाचं लहान गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लढाऊ विमानांचा मोठा तळ होता. तो १९७० साली बंद झाला. त्या जागेवर आता शेतं आहेत आणि काचेची मोठमोठी घरं बांधून त्यांत ढोबळी मिरची पिकवतात. एका बाजूला १९८२ पासून विमानांचं संग्रहालय आहे. सध्या मी लेकीकडे राहायला आले आहे, तेव्हा एका रविवारी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन आम्ही तिथे गेलो.

युद्धाच्या संग्रहालयात जैन बाईचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. पण माझं काम होतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला हवाईदलात जायचंय. एनडीएच्या परीक्षेची तयारी चालू आहे आणि घरात रोज वाद. तिच्या सासूबाई म्हणतात, "आपण पाणी गाळून पितो, आणि हा बाँब टाकायला जाणार?" बहीण मला फोन करून विचारते, "ताई, तू सांग, मी कुणाची बाजू घेऊ?" तोच प्रश्न पिशवीतल्या डब्यासारखा माझ्याबरोबर आला होता.

आतली विमानं बघताना पुरुषमंडळी आणि मुलं हरखून जातात. १९५३ साली ज्या लाल हंटर विमानाने वेगाचा जागतिक विक्रम केला, ते इथे आहे. मी मात्र माणसांच्या फोटोंपाशी जास्त रेंगाळले. १६ ऑगस्ट १९४० रोजी जर्मन विमानांनी भर दुपारी या तळावर बाँब टाकले. हँगर मोडून पडले, माणसं गेली. त्याच दिवशी बिली फिस्क नावाचा अमेरिकन वैमानिक पेटलेलं विमान घेऊन इथेच उतरला आणि दुसऱ्या दिवशी वारला. वय २९. आपल्याकडे त्या वयाच्या मुलांची आपण लग्नं जमवत असतो.

या तळावरून रात्रीची एक गुप्त वाहतूकही चाले. लायसँडर नावाची छोटी विमानं पौर्णिमेच्या आसपासच्या चांदण्यात फ्रान्समधल्या शेतांत उतरत आणि हेरांची ने-आण करत. १६ जून १९४३ च्या रात्री अशाच विमानातून नूर इनायत खान गेली. तिचे वडील बडोद्याचे, सूफी संत आणि गायक. मुलीवर लहानपणापासून अहिंसेचे संस्कार. तिने लहान मुलांसाठी वीस जातककथा इंग्रजीत लिहिल्या, ते पुस्तक १९३९ साली निघालं. तरी नाझींचा अन्याय बघत घरी बसणं तिला जमलं नाही. तिचं काम होतं वायरलेसवरून निरोप पाठवण्याचं. पॅरिसमधले तिचे सोबती एकामागून एक पकडले गेले, परत यायची संधी असतानाही ती तिथेच राहिली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. तेव्हा ती तीस वर्षांची होती.

जातककथा लिहिणारी मुलगी युद्धात गेली, म्हणून तिची अहिंसा खोटी होती का? मला तसं म्हणवेना.

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. चूल-दळणात होते ती आरंभी, शेती-व्यापारात होते ती उद्योगी, रक्षण करताना होते ती विरोधी, आणि मारायचं म्हणून ठरवून केलेली ती संकल्पी. श्रावकाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची, बाकीच्या होईल तितक्या कमी करायच्या. श्रवणबेळगोळला ज्या बाहुबलींच्या चरणांवर आपण डोकं टेकवतो, ती मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय स्वतः सेनापती होता. पण विरोधी हिंसा झाली तरी ती हिंसाच. तिचा बंध चुकत नाही. तिचा अभिमान तर मुळीच धरायचा नाही.

संग्रहालयातून निघून आम्ही गावातल्या चर्चच्या आवारात गेलो. तिथे ब्रिटिश वैमानिकांच्या कबरी आहेत आणि जर्मन वैमानिकांच्याही. मारायला आलेल्यांनाही गावाने आपल्यातच जागा दिली. क्षमावाणीला आपण हात जोडतो, ते बहुतेक ओळखीच्याच माणसांना. इथे मी अनोळखी नावांपुढे हात जोडून नवकार म्हटला, दोन्हीकडच्यांसाठी.

बहिणीला मी सांगितलं, की बाजू कुणाचीच घेऊ नकोस. मुलाला जवळ बसवून एवढंच विचार, की विमानाच्या वेगाचं वेड आहे म्हणून चाललास, की कुणाची तरी राखण करायला? समोरच्या विमानातही कुणाचा तरी मुलगा असतो, हे तुझ्या ध्यानात राहील का? याची उत्तरं त्याने खरेपणाने दिली, तर सासूबाईंची समजूत घालायला मी स्वतः येईन. आणि त्याला उत्तर देता आलं नाही, तर त्याची समजूत घालायलाही मीच येईन.

त्याने दोन दिवस मागून घेतले आहेत. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, भाऊ, नवरा सैन्यात असेल, तर तुमच्या घरात हे कसं निभावलं ते मला जरूर कळवा. बहिणीलाही वाचून दाखवीन.