फायलीतील मौन

पनवेलास हल्ली कोणाच्याही ओटीवर बसावे, बोलणे फिरून फिरून जमिनीच्या भावावर येते. २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचे उद्घाटन झाले. तेव्हापासून तर प्रत्येकाच्या मनात आपल्या परसाची एक किंमत ठरलेली असते, आणि ती शेजाऱ्याच्या परसाहून थोडी अधिकच असते! आम्हीही या मोहातून सुटलो नव्हतो. वडाळे तळ्याजवळचे वडिलोपार्जित घर दादांनी ठेवावे व आमचा वाटा रोख द्यावा, असे ठरले. किमतीवरून मने कलुषित होऊ नयेत, म्हणून आम्ही दोघा भावांनी मिळून एक व्हॅल्युअर नेमला.

अहवाल आला, आणि मन कलुषित झालेच. आकडा आमच्या अपेक्षेहून बराच कमी होता. दादा त्या गृहस्थांना एकटे भेटले होते, हे आम्हांस ठाऊक होते. आम्हीही एकटेच भेटलो होतो, हे मात्र सोयीस्करपणे विसरलो. तडक त्यांची कचेरी गाठली व म्हणालो, "निम्मी फी आमची आहे. संपूर्ण फाईल दाखवा."

गृहस्थ शांतपणे म्हणाले, "सर, अहवाल तुमचा. त्यातील कोणताही आकडा कसा आला ते विचारा, मी सांगतो." आणि खरोखरच त्यांनी सरकारी दरतक्ता, आसपासच्या नोंदलेल्या खरेदीखतांतील भाव, घराच्या वयाची घट, पुढचा अरुंद बोळ, सारे समजावून दिले. "परंतु माझी टाचणे देणार नाही. त्यांत कित्येकांनी विश्वासाने सांगितलेले आहे. न्यायालयाने मागितली, तर गोष्ट वेगळी."

कंपनी कायद्याखालील मूल्यांकनासाठी २०१७ साली झालेल्या नियमांतही हीच दृष्टी आहे. कामाचे कागद निदान तीन वर्षे जपावेत, म्हणजे नियामकापुढे जाब देता येतो. परंतु एकाचे गुपित योग्य अधिकारावाचून दुसऱ्यास सांगू नये. आमचे घर म्हणजे काही कंपनी नव्हे. पण धर्म तोच.

राग आला खरा. तथापि वाटेत आमचीच परीक्षकगिरी आठवली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यास स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. परीक्षकाचे नाव मात्र झाकलेले राहावे, असेही म्हटले. तो पडदा तेव्हा आम्हांस किती न्याय्य वाटला होता!

मग आणखी एक गोष्ट आठवली आणि पाऊल थबकले. घराच्या पाहणीच्या दिवशी आम्ही त्या गृहस्थांना बाजूस घेऊन सांगितले होते की, मुलाच्या शिक्षणाचे कर्ज डोक्यावर आहे. पैसे लवकर हाती येणार असतील, तर थोडे कमीही चालतील. दादांना यातले काहीच ठाऊक नव्हते. तेही त्याच फायलीत असणार!

रात्री जेवताना दादा सहज म्हणाले, "अरे, परवा मीही ती फाईल मागितली होती. दिली नाही रे त्याने."

दोघेही क्षणभर खाली मान घालून आमटी भुरकत राहिलो. त्यांनी त्या गृहस्थांना काय सांगितले होते, हे आम्ही विचारले नाही. त्यांनीही आम्हांस विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी त्याच आकड्याखाली सह्या केल्या.