एका खुर्चीची मैफल

संगीताची आवड असणें ही एक गोष्ट आणि संगीत ऐकविणारें उत्तम यंत्र घरांत असणें ही अगदीं निराळी गोष्ट, हा भेद आमच्या ध्यानांत येण्यास वयाचीं पन्नास वर्षें उलटावीं लागलीं. पहिलीसाठीं कान पुरतात. दुसरीसाठीं पैसा, जागा आणि घरच्या मंडळींची संमति अशा तीन गोष्टी लागतात, व या तिहींचा योग मनुष्याच्या आयुष्यांत सहसा एकाच वेळीं जुळून येत नाहीं. आमचा तो योग दोन वर्षांपूर्वीं आला. पैसा भविष्यनिर्वाह निधींतून निघाला, कन्या सासरीं गेल्यानें एक खोली रिकामी झाली, आणि संमति मिळाली कीं नाहीं हें आम्हीं आजवर नीटसें विचारलेलें नाहीं.

अंधेरीच्या ज्या दुकानांत आम्हीं हें यंत्र प्रथम ऐकलें तेथें गालिचा अंथरलेली, जाड पडद्यांची एक खास खोली होती. मालकांनीं दिवा मंद केला, आम्हांला एका गुबगुबीत खुर्चीवर बसविलें आणि तबकडीवर सुई टेकविली. डाव्या हाताला सारंगी, उजव्या हाताला तबला, आणि मधोमध, जेथें केवळ रिकामी भिंत होती तेथें, गवई प्रत्यक्ष बसलेला! अशा वेळीं शहाणा मनुष्य घरीं जाऊन विचार करतो. आम्हीं तेथल्या तेथें विसार दिला.

यंत्र मुलुंडास आलें तेव्हां गवई मात्र अंधेरीसच राहिला असावा असें वाटलें. आमची खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद. खालीं गुळगुळीत फरशी, एका अंगाला सरकत्या कांचांची खिडकी. टाळी वाजवावी तर तिचे चार तुकडे होऊन परत येत, आणि डग्गा रिकाम्या पिंपासारखा घुमे. आमच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनीं कागदावर हिशोब मांडून दाखविला. गवयाची पट्टी काळी एक धरली तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचीं आंदोलनें सेकंदाला सुमारें ६९ होतात. ध्वनि सेकंदाला ३५० मीटरांच्या आसपास धांवतो. तेव्हां खर्जाच्या एका लाटेची लांबी ५ मीटर, म्हणजे १६ फुटांहून अधिक. "तुमच्या खोलींत ही लाट आडवी झोपली तर तिचे पाय शेजाऱ्यांच्या घरांत जातील," असें ते हंसत हंसत म्हणाले. तें वाक्य आम्हीं तेव्हां विनोद म्हणून ऐकलें.

मग उपचार सुरू झाले. फरशीवर सतरंजी आली, खिडकीवर दुहेरी पडदा आला, मागच्या भिंतीवर एक जुनी गोधडी टांगली गेली. पुस्तकांचीं कपाटें आम्हीं एका बाजूच्या भिंतीशीं हलविलीं. लहानमोठ्या आकाराचीं पुस्तकें ध्वनि विखरून टाकतात असें कळलें, आणि आमचीं जीं पुस्तकें पंचवीस वर्षें निमूटपणें धूळ खात होतीं तीं प्रथमच कोणाच्या तरी उपयोगीं पडलीं. महिन्याभरांत गवई मुलुंडास पोंचला. मात्र तो भेटे फक्त एका जागीं.

याचें कारण स्टिरिओच्या जन्मांतच आहे. १९३१ सालीं लंडनमध्यें ॲलन ब्लूमलीन नांवाचा एक तरुण इंजिनियर पत्नीसह चित्रपट पाहत असतां, पडद्यावरचा नट चालतो एकीकडे आणि त्याचा आवाज येतो भलतीकडून, हें त्याला खटकलें असें सांगतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यानें दोन मार्गांच्या ध्वनीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. तो ज्या ई. एम. आय. कंपनीच्या नोकरींत होता तिचाच एक पूर्वज म्हणजे आपल्या घरोघरीं कुत्र्याच्या चित्रानें ओळखली जाणारी ग्रामोफोन कंपनी. अशा दुमार्गी तबकड्या बाजारांत यावयास १९५८ साल उजाडलें. या पद्धतींतली खुबी अशी कीं, दोन पेट्यांतून निघणारे दोन किंचित् भिन्न आवाज आपल्या दोन कानांत योग्य वेळीं पडले म्हणजे मन त्यांतून समोरची सगळी बैठक उभी करतें. त्यासाठीं दोन पेट्या आणि ऐकणाराचें डोकें यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो. डोकें हातभर सरकलें कीं त्रिकोण मोडतो, आणि जवळची पेटी सारें गाणें आपल्याकडे ओढून घेते.

त्रिकोणाच्या त्या टोंकावर आम्हीं एक खुर्ची ठेवली, तिच्या पायांच्या जागीं फरशीवर खडूनें खुणा केल्या, आणि रोज जेवण झाल्यावर तेथें आसनस्थ होऊं लागलों. सौभाग्यवती पहिल्या दिवशीं मोठ्या उत्साहानें येऊन पलंगाच्या कडेवर बसल्या. थोड्या वेळानें म्हणाल्या, "अहो, मला सगळं डाव्या पेटीतूनच ऐकूं येतंय." आम्हीं त्यांना त्रिकोण समजावून सांगितला. तो त्यांनीं पुरता ऐकून घेतला आणि विचारलें, "म्हणजे एवढा खर्च केलात, आणि बसायला जागा एकच?" दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरांतूनच गाणें ऐकूं लागल्या. आम्हांला यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं, हें आज लिहितांना वाटतें.

उपनगरांत शांतता ही रात्रींच मिळणारी वस्तु आहे. घाटकोपरचे आमचे एक स्नेही विमानांच्या वाटेखालीं राहतात; विमान उतरूं लागलें कीं ते निमूटपणें सुई उचलतात आणि तें गेलें कीं पुन्हां टेकवितात. त्यांनीं ऐकलेला प्रत्येक ख्याल असा हप्त्याहप्त्यानें ऐकलेला आहे. आम्ही त्या मानानें सुखी. आमच्याकडे केवळ रिक्षा, लोकल आणि लग्नाच्या वराती. तरीही नऊ वाजल्याशिवाय आलापाला बसण्यांत अर्थ नसे, आणि एकदां बसल्यावर दहाच्या ठोक्याला उठणें जिवावर येई.

अशाच एका रात्रीं साडेदहाच्या सुमारास दाराची घंटा वाजली. भिंतीपलीकडचे शेजारी उभे होते. "सर, राग मानूं नका," ते म्हणाले, "आईला झोप लागत नाहीं. कोणीतरी रोज भिंत ठोकतं म्हणते." आम्हांला राग आलाच. भिंत कोण ठोकतो? आमच्याकडे तर विलंबित एकताल चालला होता! रात्रीं दहानंतर वस्तीच्या भागांत ४५ डेसिबलांची मर्यादा २००० सालच्या नियमांनीं घातलेली आहे, ती आम्हांला ठाऊक होती. परंतु नियम असतात ते गणपतीच्या मिरवणुकींसाठीं, मालकंसासाठीं नव्हेत, अशी आमची सोयीस्कर समजूत होती. सुसंस्कृत मनुष्य स्वतः करतो तो नाद आणि दुसरा करतो तो गोंगाट, हें व्याकरण आम्ही फार लवकर शिकतों.

आपलें निरपराधित्व सिद्ध करण्याकरितां दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्हीं सौभाग्यवतींना यंत्रापाशीं बसविलें, तीच तबकडी तितक्याच आवाजांत लावावयास सांगितली, आणि स्वतः शेजारीं जाऊन उभे राहिलों. तेथें गवई नव्हता, सारंगी नव्हती, तानपुरा नव्हता. होता फक्त डग्गा. धप्प. मग बराच वेळ कांहीं नाहीं. पुन्हां धप्प. स्वर एका सप्तकानें खालीं उतरला कीं भिंतीची अडवणूक साधारण ६ डेसिबलांनीं घटते, हें आमच्या सहकाऱ्यांनीं आम्हांला नंतर समजाविलें. वरचे स्वर भिंत अडविते, खालचे जाऊं देते. म्हणजे जें गोड तें सारें आमच्या बाजूस राहत होतें आणि जें उरलें तें शेजाऱ्यांच्या उशाशीं जात होतें. खर्जाच्या लाटेचे पाय कोठें जातात हें आम्हांला आतां नीट दिसलें.

कॉटवर आजी बसल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या घरांत, दृष्टि अधू, कान मात्र खणखणीत. आम्हीं ओशाळून क्षमा मागितली. त्यांनीं विचारलें, "गाणं कोणाचं होतं?" आम्हीं नांव सांगितलें. "अगबाई! आणि मी आपली समजतेय, कोणी रात्रीअपरात्री कांडायला बसतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "दोन वर्षं वाजतंय म्हणता. मग बोलावलं नाहीं तें?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आजींनीं तें मागितलेंही नाहीं. त्या आपल्या वाईच्या घराविषयीं बोलूं लागल्या. त्यांच्या वडिलांकडे फोनो होता. संध्याकाळीं तो ओसरीवर मांडला कीं शेजारपाजारचीं मुलेंबाळें अंगणांत येऊन बसत. किल्ली कोणीं फिरवावयाची यावरून भांडणें होत, आणि दर बाजूला नवी टांचणी बसविण्याचा मान थोरल्या भावाचा असे. तबकडी तीन मिनिटांत संपे, मग ती उलटावयाची. हिराबाई बडोदेकर, बालगंधर्व, अब्दुल करीमखां हे सारे आजींना त्या तीन-तीन मिनिटांतून भेटलेले होते. योग्य जागा कोणती, हा प्रश्न त्या अंगणांत कोणालाही पडलेला दिसला नाहीं.

रविवारीं दुपारीं चार वाजतां आम्हीं आजींना बोलाविलें. त्या आल्या, सूनबाई आल्या, दोन नातवंडें आलीं, आणि कुतूहलानें वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थही आले. आम्हीं मोठ्या सन्मानानें आजींना त्या खुर्चीवर बसवून हिराबाईंचें एक जुनें गाणें लावलें. पहिलें गाणें संपण्यापूर्वींच आजी उठल्या. "इथं एकटीला बसवलंत तर दवाखान्यांत बसल्यासारखं वाटतं," असें म्हणून त्या पलंगावर सूनबाईंना खेटून बसल्या. तेथें अर्थातच सारें गाणें डाव्या पेटींतून येऊं लागलें. त्रिकोण मोडला. नातवंडांपैकीं एकानें उजव्या पेटीला कान लावून पाहिला आणि विचारलें, "दोन्हींतून एकच येतंय, मग दोन कशाला?"

आमच्या दोन वर्षांच्या अभ्यासांत आम्हांला न पडलेला हा प्रश्न! १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें, १९०८ सालीं सियालदहचा कारखाना निघाला, आणि तेव्हांपासून पुढें पन्नास वर्षें आपल्याकडे जें जें गाणें तबकडींत उतरलें तें सारें एकाच मार्गाचें आहे. हिराबाई गायल्या त्या एका मार्गानें, बालगंधर्वही. केसरबाई केरकरांची जी साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांवरून तारामंडळांत गेली ती गातांना त्यांच्यापुढें डावें-उजवें कांहींच नव्हतें. या गाण्यांसाठीं दोन पेट्या म्हणजे एकच बातमी दोघांनीं एकदम सांगणें. आम्हीं तत्काळ एक पेटी बंद केली, दुसरी ओढून भिंतीच्या मध्यावर ठेवली, आणि जिला त्या खोलींत आजवर कोणीही हलवूं शकलें नव्हतें ती खुर्ची कोपऱ्यांत सरकवून दिली. आतां गाणें एका ठिकाणाहून येऊन सर्वांकडे सारखेंच जाऊं लागलें. स्वरांत कांहीं उणें झालें नाहीं. आम्ही सतरंजीवर बसलों होतों, तेथेंही तें पूर्ण ऐकूं येत होतें.

चांगल्या यंत्राची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले, अल्लादियाखां १९४६ सालीं गेले. दोघांचेंही गाणें आज एकाही तबकडीवर ऐकावयास मिळत नाहीं. ज्यांनीं तें ऐकलें तेही गेले. यंत्र नसतें तर हिराबाईंचेंही तसेंच झालें असतें, आणि यंत्र चांगलें नसतें तर त्यांच्या गळ्यांतला तो बारीक कण, ज्यावर आजींनीं डोळे मिटून मान हलविली, घासलेल्या तबकडीच्या खरखरींत हरवला असता. आमचें म्हणणें इतकेंच कीं, गवई घरांत आणण्याच्या खटाटोपांत आम्हीं श्रोत्यांना बाहेर काढलें होतें. बैठकींत गवयाच्या समोर अर्धवर्तुळ असतें. आम्हीं त्याच्यापुढें एक बिंदु ठेवला आणि त्या बिंदूवर स्वतः बसलों.

हल्लीं आमच्या घरीं दोन पद्धति आहेत. आठवड्यांत रात्रीं दहापर्यंत, हळू आवाजांत, खडूच्या खुणांवर खुर्ची असते. आवाज उतरविला कीं आपल्या कानांना खर्ज सर्वांआधीं कमी ऐकूं येतो, तेव्हां डग्ग्याचें थोडें सुख आम्ही सोडलें आहे. भिंतीपलीकडे झोप लागते. रविवारीं दुपारीं मात्र एकच पेटी आणि सतरंजी. काय लावावयाचें तें आजी सांगतात, आणि किल्ली नसल्यानें निदान बटण कोणीं दाबावयाचें यावरून नातवंडें भांडतात. सौभाग्यवती आतां स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन बसतात. बंद असलेल्या पेटीवर त्या दिवसापुरती त्यांनीं तुळशीची एक लहानशी कुंडी ठेवावयास सुरुवात केली आहे. सोमवारीं ती आम्ही उचलून पुन्हां खिडकींत नेऊन ठेवतों. अलीकडे एखाद्या सोमवारीं तें राहूनही जातें.