मैत्रीचा आधार, मोठ्यांची जबाबदारी

किशोरवयीन मूल मनाची घालमेल आईवडिलांच्या किंवा शिक्षकांच्या कानावर घालण्याआधी बहुधा शेजारच्या बाकावरील सवंगड्याला सांगते. या स्वाभाविक ओढीला दिशा देऊन काही विद्यार्थ्यांना ऐकून घेण्याचे व धोक्याच्या खुणा ओळखण्याचे प्रशिक्षण देणे, या पद्धतीस ‘समवयस्क आधार’ म्हणतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातील ‘साथिया’ म्हणजे समवयस्क शिक्षक याच विचारातून आले, मात्र त्यांचे कार्यक्षेत्र मुख्यतः गाव होते.

शाळेत हे काम कशाच्या बळावर उभे राहते, याचे बोलके उत्तर गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात राबविलेल्या ‘सेहेर’ उपक्रमाने दिले. तेथे सुमारे ७५ सरकारी शाळांची सोडत काढावी तशी तीन गटांत विभागणी झाली: एका गटात प्रशिक्षित पण व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ नसलेली, ‘सेहेर मित्र’ म्हणून नेमलेली व्यक्ती, दुसऱ्यात तेच काम करणारा शाळेतीलच शिक्षक, आणि तिसऱ्यात जीवनकौशल्यांचा चालू सरकारी कार्यक्रम तेवढा. विद्यार्थी भित्तिपत्रक सजवीत, गटाच्या बैठकीत शाळेतील अडचणी मांडीत, आणि जे चारचौघांत बोलवत नसे ते चिठ्ठीवर लिहून, हवे तर नाव न घालता, पेटीत टाकीत. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात शाळेचे वातावरण लक्षणीय सुधारले, नैराश्याची लक्षणे व दांडगाई घटली, शिक्षकांच्या गटात मात्र तसा फरक दिसला नाही. याचा दोष शिक्षकांना देणे अन्यायाचे होईल, कारण जो गुण देतो, हजेरी घेतो आणि प्रसंगी शिक्षाही करतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळे करण्यास कचरणारच, आणि अभ्यासक्रम, परीक्षा व शाळाबाह्य कामे यांच्या ओझ्याखाली त्यालाही फुरसत उरत नाही.

थोडक्यात, मुलांच्या पुढाकारामागे सवड असलेला, मन मोकळे करता येईल असा मोठा माणूस लागतो. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या पुढाकाराचे कौतुक करताना त्यांच्यावर काय सोपवायचे नाही, हे आधी ठरले पाहिजे. ‘कुणाला सांगू नकोस’ ही शपथ या वयात अत्यंत पवित्र मानली जाते. तथापि समोरचा मित्र स्वतःला इजा करण्याविषयी किंवा जीव देण्याविषयी बोलत असेल, तर ती पाळता येणार नाही, हे ऐकणाऱ्याने संभाषणाच्या आरंभीच सांगावे, अशी शिकवण प्रशिक्षणात असावी लागते. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात रुजतो, ही समजूत संशोधनाने खोटी ठरविली आहे. परंतु विचारल्यानंतरची पायरी मोठ्या माणसाची असते, मग तो शाळेतील समुपदेशक असो वा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असलेली ‘टेलि-मानस’ ही मोफत सरकारी सेवा असो. आणखी एक गोष्ट बहुतेक शाळांच्या ध्यानात येत नाही: दुसऱ्याचे दुःख ऐकणारे मूलही शेवटी चौदा-पंधरा वर्षांचेच असते, तेव्हा वेळापत्रकात त्याच्या विचारपुशीसाठी तास राखून ठेवणे आणि परीक्षेच्या दिवसांत त्याला या कामातून मोकळीक देणे, ही शाळेने आरंभीच लेखी स्वीकारावयाची जबाबदारी आहे.