ओट्याची बेगमी

सांगलीच्या पेठेत चाळीस वर्षे हळदीची अडत चालविलेले अण्णा यंदा प्रथमच एकटे अमेरिकेस गेले. न्यू जर्सीतील मुलाच्या घरामागे, उघड्यावर, एक लहानसे स्वयंपाकघर आहे. लाकडी घरांत फोडणीचा धूर झाला की छतावरील यंत्र किंचाळू लागते. तळणाचा वास गालिच्यांत महिनाभर राहतो. आईला मोकळेपणाने फराळ करता यावा म्हणून मुलाने सहा वर्षांपूर्वी परसात दगडी ओटा बांधला, नळ घेतला, गॅसची शेगडी बसविली. तिच्या त्या ओट्यावरील चकल्या शेजारच्या चार घरांत जात.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगलीस आई गेली. मुलगा येऊन सर्व करून परतला. हिवाळा आला आणि गेला. मार्चमध्ये बर्फ वितळताच तळघराच्या भिंतीतून पाणी झिरपू लागले. ओट्याकडे जाणारा नळ भिंतीतच फुटला होता. ओट्याच्या दगडालाही एक चीर गेली होती.

दिवाळी आटोपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी अण्णांनी विचारले, "थंडीच्या आधी या ओट्याचे काही करावे लागते ना?"

"करावे लागते," मुलगा म्हणाला. "गेल्या वर्षी केले नाही."

"का?"

त्याने उत्तर दिले नाही. अण्णांनीही पुन्हा विचारले नाही. पावसाळ्यापूर्वी घराची शाकारणी आणि गोदामातील पोत्यांखाली फळ्या, हे त्यांनी जन्मभर केले होते. गोठणाऱ्या थंडीची बेगमी मात्र त्यांना नवीन होती. मुलगा सांगत गेला, ते करीत गेले.

पहिले काम पाण्याचे. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. नळीत बर्फाचा बुच बसला आणि पुढचा नळ बंद असला की मध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो व तांब्याची नळीही फाटते. म्हणून तळघरातील आतला खटका बंद करून बाहेरचा नळ उघडला. पाणी ओघळून गेल्यावर गाडीच्या चाकांत हवा भरण्याच्या यंत्राने नळीत उरलेले थेंबही फुंकून काढले. नळ तसाच उघडा ठेवला.

बेसिनखालच्या वाकड्या नळीत नेहमीच थोडे पाणी साचलेले असते. तीत मुलाने गुलाबी रंगाचे गोठणरोधक ओतले. गॅरेजमध्ये गाडीसाठीचा हिरवा डबा होता, तो त्याने दूर सारला. "तो का नको?" अण्णांनी विचारले. "त्यात एथिलीन ग्लायकॉल असते, अण्णा. चवीला गोड आणि विषारी. थोडे सांडले तरी मांजर चाटते आणि मरू शकते. हे गुलाबी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे आहे, त्याने तसा अपाय होत नाही." अण्णांनी तो हिरवा डबा स्वतः उचलून वरच्या फळीवर ठेवला.

मग शेगडी. तेलाचा चिकटा गरम पाण्याने खरवडून काढला, कारण त्याच्या वासाने हिवाळ्यात उंदीर येतात. ज्वालेच्या नळ्यांत कोळी जाळी करतात. तसे राहिले तर पुढच्या ऋतूत गॅस अडून ज्वाला मागे फिरते. एका नळीत कोळी होताच. अण्णांनी तो कागदावर घेतला व सरपणाच्या ढिगाऱ्यात सोडला. सिलिंडर उतरवून, तोंड घट्ट बंद करून, उभाच घराबाहेर आडोशाला ठेवला. तो घरात वा गॅरेजमध्ये नेऊ नये. "थंडीत हा गोठणार नाही?" "नाही. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायू होत राहतो. आपल्याकडच्या घरगुती गॅसमध्ये ब्युटेनही असतो, तो शून्याच्या आसपासच आळसावतो."

लहान फ्रिज रिकामा करून पुसला, वीज काढली आणि दाराच्या फटीत लाकडाचा तुकडा अडकवला, नाहीतर आत बुरशी धरते. शेवटी ओट्याची चीर. तीत पाणी शिरले की ते गोठते, फुगते, आणि दर रात्री चीर थोडी रुंदावते. मुलाने ती कोरडी करून लेप भरला व दगडावर पाणी न शोषू देणारे द्रव्य फिरविले. बोटे त्या चिरेवरच थांबली.

"गेल्या वर्षी मला इकडे येववेना, अण्णा," तो म्हणाला. "कपाटात तिचा झारा तसाच होता. उद्या करू, उद्या करू म्हणत डिसेंबर उजाडला."

अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिच्या खोलीचे दार मीही महिनाभर उघडले नव्हते. खिडकी उघडी राहिली होती. पावसाने गादी कुजली, तिची लुगडी कुजली. मी दार उघडले असते तर निदान लुगडी राहिली असती."

बुडण्याची शक्यता असलेल्या उधारीची तरतूद कोणत्याही व्यापाऱ्याला आवडत नाही. ती रक्कम वहीत लिहिताना हात जड होतो. न लिहिल्याने मात्र उधारी वसूल होत नाही, तोटा तेवढा एकदम अंगावर येतो. दुःखाचेही काहीसे असेच असावे. ज्या वस्तूकडे पाहवत नाही, तिचीच निगा आधी करावी लागते.

दोघांनी मिळून ओट्यावर आच्छादन घातले. आतला दमट वारा बाहेर जावा म्हणून बाजूची झडप उघडी ठेवली. झारा मुलाने घरात नेला, धुतला आणि रोजच्या कालथ्यांशेजारी टांगला.

परतीच्या आदल्या दिवशी अण्णांनी सुनेला भाजणीचे प्रमाण लिहून दिले. "एप्रिलमध्ये नळ सुरू करताना आधी आतला खटका हळूहळू उघडायचा," तिने त्यांना सांगितले. अण्णांनी तेही आपल्या डायरीत टिपून घेतले.