लागर पिणाऱ्याची अभिरुची

'रुची' हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. एक घर जिभेचे, दुसरे मनाचे. भाजीला रुची नाही असे आपण म्हणतो आणि अमक्याला कवितेत रुची आहे असेही म्हणतो. 'अभि' हा उपसर्ग लागला की मात्र तो पहिल्या घरातून उठून जातो आणि परिसंवाद, प्रबंध, अभ्यासमंडळांच्या बैठका अशा ठिकाणी राहू लागतो. भरताने नाट्यशास्त्रात रसाची कल्पना समजावताना मसाले घातलेल्या अन्नाचाच दाखला दिला होता, ही गोष्ट आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो आणि लगेच अन्न बाजूला ठेवून रसाकडे वळतो. या लेखापुरते आम्हांला उलट दिशेने जायचे आहे. निमित्त आहे बिअर पिणाऱ्यांच्या आवडीनिवडीचे.

बिअरविषयी आस्थेने बोलणाऱ्या मंडळींत एक समज पक्का रुजलेला आहे. सटीसहामाशी पिणारा माणूस गार, फिकट, सौम्य लागर मागतो, कारण त्याला चव कळत नाही. चव कळणारा एल, स्टाउट, गव्हाची बिअर अशा वाटांनी जातो. हा सूर आमच्या ओळखीचा आहे. प्रथम वर्षाच्या वर्गात आवडते पुस्तक विचारले की अनेक मुले 'मृत्युंजय'चे नाव घेतात, आणि स्टाफरूममध्ये त्यावर जे हसू उमटते त्याचा आणि या समजाचा सूर एकच आहे. म्हणूनच हा विषय आम्हांला केवळ पेल्यापुरता वाटत नाही.

आधी लागरची बाजू पाहू. हा शब्द जर्मन भाषेतला. साठवून ठेवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. एलचे किण्व उबदार हवेत आणि झटपट काम करते, लागरचे किण्व थंडीत आणि सावकाश. त्यामुळे ही बिअर आठवडेच्या आठवडे गार तळघरात ठेवावी लागे. १८४२ साली बोहेमियातील पिल्झेन गावी योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने तिथले मऊ पाणी, फिकट भाजलेले माल्ट आणि परिसरातले हॉप्स वापरून जी बिअर केली, ती आजच्या बहुतेक सोनेरी लागरांची पूर्वज. पुढे १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडेच्या शीतकरण यंत्राने तळघराची आणि हिवाळ्याची अट काढून टाकली. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेनने शुद्ध किण्व वेगळे करून दाखवले. ज्या पेयाला आपण 'साधे' म्हणतो त्याच्या पाठीशी इतके शास्त्र आणि इतका धीर उभा आहे. शिवाय फिकट लागरमध्ये दोष लपत नाही. मसालेदार रश्श्यात एखादी चूक खपून जाते. वरणभातात खपत नाही.

टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मात्र नव्हे. पिल्झेनच्या बिअरमध्ये हॉप्सचा स्पष्ट कडवटपणा होता आणि आजही आहे. जगभर पसरताना मोठ्या कारखान्यांनी तो उतरवत नेला, माल्टच्या जोडीला तांदूळ किंवा मका आणला आणि कोणालाच न खुपणारी चव तयार केली. आपल्याकडच्या परमिट रूममध्ये मिळते ती लागर या घराण्याची दूरची वंशज आहे. ती पूर्वजासारखी नाही हे खरे. पण तिचा हा स्वभाव ती पिणाऱ्याने घडवला नाही, हेही तितकेच खरे.

भारतापुरते पाहिले तर बिअर इथे आली तीच दुसऱ्या कोणासाठी. लंडनच्या बो भागातील हॉजसनच्या कारखान्यातून आणि नंतर बर्टनहून फिकट एल जहाजांनी इकडे येऊ लागली आणि तिला पुढे 'इंडिया पेल एल' हे नाव पडले. नावात इंडिया होता, पण ती होती इथल्या गोऱ्या साहेबासाठी. भारतीय जिभेला कोणी विचारले नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत कंटाळून भ्रमिष्टासारखे वागू लागलेल्या गोऱ्या सैनिकांना 'डूलाली टॅप' झाला असे म्हणत. त्यातला 'डूलाली' म्हणजे आपली देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या एका मायक्रोब्रुअरीने हेच 'डूलाली' नाव घेतले आणि गावाचे नाव इंग्रजी वळसा घेऊन घरी परतले. इंडिया पेल एलही अशाच मायक्रोब्रुअरींतून, मोठा फेरा घालून, खुद्द इंडियाच्या पेल्यात उतरली.

या दोन टोकांच्या मधल्या काळात सामान्य पिणाऱ्यापुढे काय होते? आमच्या राज्यात मद्यपानासाठी १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच आले. त्या अंधाऱ्या, पंख्याखालच्या खोलीत वेटर बिअरचे प्रकार सांगत नाही. तो एवढेच विचारतो: माइल्ड की स्ट्राँग? म्हणजे चवीचा प्रश्न निघतच नाही. प्रश्न निघतो तो नशेच्या मापाचा. खिशात मोजके पैसे असलेला माणूस 'स्ट्राँग' म्हणतो, आणि ती इतकी गार मागतो की जिभेला फारसे काही कळू नये. बाहेर एप्रिलचे ऊन, ताटलीत तिखट चखणा. या सगळ्यात त्याची निवड अगदी समंजस आहे. ज्याला आयुष्यभर एकच प्रश्न विचारला गेला, त्याच्या उत्तरावरून त्याची अभिरुची ठरवणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

आमच्यातील एक जण तालुक्याच्या गावी शिकवतात आणि वर्षानुवर्षे एकाच लागरशी एकनिष्ठ आहेत. एकदा पेपर तपासणीच्या दिवसांत आम्ही त्यांना पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत नेले आणि बेल्जियन वळणाची गव्हाची बिअर पुढे ठेवली. पहिल्याच घोटाला ते म्हणाले, "अहो सर, यात धणे आहेत." कोणी सांगितले नव्हते, माहितीचे कार्ड उलटे पडले होते. १९६६ साली पिएर सेलिसने बेल्जियमच्या हुगार्डन गावात जी पांढरी बिअर पुन्हा सुरू केली, तिच्यात धणे आणि संत्र्याची साल खरोखरच असते, आणि तिच्या वळणावर केलेल्या बिअरांतही. धण्याच्या स्वयंपाकात वाढलेल्या जिभेला ते ओळखायला ग्रंथ लागला नाही. पेला संपवून त्यांनी पुन्हा लागर मागवली. कारण विचारले तर म्हणाले, "बिअर चांगली आहे. पण तिच्याशी बोलावं लागतं. मला तुमच्याशी बोलायचंय."

या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. सगळ्या आस्वादाचा केंद्रबिंदू पेला असलाच पाहिजे, हे गृहीत त्यात मोडून पडते. काही पेये लक्ष मागतात, काही लक्ष मोकळे ठेवतात. पुस्तकांचेही तसेच असावे.

मग सगळ्या आवडी सारख्याच, असे म्हणायचे का? तसेही नाही. डेव्हिड ह्यूमने १७५७च्या आपल्या निबंधात 'दोन किहोते'मधली गोष्ट वापरली आहे. दोघांनी एकाच पिंपातली वाइन चाखली. एकाला कातड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी कातडी पट्टा लावलेली किल्ली निघाली. आमचे धणे ओळखणारे सर याच कुळातले. उलट, १९६४ साली ॲलिसन आणि उल या अमेरिकी अभ्यासकांनी लेबल काढलेल्या बाटल्या पिणाऱ्यांना दिल्या, तेव्हा त्यांना आपली नेहमीची बिअर एकंदरीत वेगळी ओळखता आली नाही. लेबल लावताच मात्र तीच सरस ठरली. म्हणजे पिंपात कधी किल्ली असते, तर कधी आपण नुसते लेबल चाखत असतो. हा फरक दाखवणे हे समीक्षेचे काम आहे.

ते काम नीट झाल्याचे उदाहरणही बिअरच्याच जगात आहे. मायकल जॅक्सन या इंग्रज लेखकाने (गायक नव्हे) १९७७ साली बिअरविषयी एक जागतिक मार्गदर्शक प्रसिद्ध केला आणि देशोदेशीच्या बिअरांना प्रकारांची नावे देऊन मांडले. त्याने पिणाऱ्याला खिजवले नाही, शब्द पुरवले. साहित्यप्रकारांचे वर्गीकरण शिकवताना आपणही याहून वेगळे काय करतो? नाव कळले की मागता येते. मागता आले की निवडता येते. आणि निवड आली तरच अभिरुची हा शब्द लागू होतो. चार पेले चाखून जो लागरकडे परततो त्याचीही ती अभिरुचीच.

तात्पर्य, एखाद्याच्या आवडीवर निकाल देण्याआधी त्याच्यापुढे कोणता प्रश्न ठेवला होता ते पाहावे. प्रश्न 'माइल्ड की स्ट्राँग' एवढाच असेल, तर आधी तो बदलायला हवा. परमिट रूमच्या वेटरवर ती जबाबदारी टाकता येणार नाही. गावच्या वाचनालयात आणि महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात मात्र ती आपलीच आहे.